पाच वटवाघळं आणि एक डाळिंब

नील आणि लिली,

पोपोच्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या मागच्या भिंतीवर, एव्हाना ते विणलेलं चित्र लागलं असेल. पोपो त्याच्याकडे बघून हसत असेल, आणि तिने हसावं म्हणूनच मी ते पाठवलं आहे. पण ते सोलापुरातल्या एका घरातून कसं बाहेर पडलं, हे आपल्यापैकी कुणाला तरी माहीत असावं असं मला वाटतं. तुम्ही सोलापूर पाहिलेलं नाही, म्हणून वाटेतलंही थोडं सांगते. बाबा वाचून दाखवेल. पोपोला मात्र यातलं काही सांगू नका.

पोपो तुमच्या आईची आई, पण तिची आणि माझी भाषा एक नाही. ती चिनी बोलते, मी मराठी, आणि मध्ये तुमची आई. तुमच्याकडे आले होते तेव्हा मी पोपोच्या घरातली एकेक वस्तू बघत बसायची. वाडग्यावर मासे, टेबलावर फुलदाणी, पडद्यावर हरणं. मला वाटलं, बाईला निसर्गाची फार हौस दिसते. मग तुमच्या आईने सांगितलं की ही चित्रं नुसती बघायची नसतात, मनात म्हणायची असतात. चिनीत माशाचा उच्चार आणि शिलकीचा उच्चार एकच, म्हणून वाडग्यावर मासा असला की घरात काही कमी पडू नये. फुलदाणीच्या नावात शांतता ऐकू येते. वटवाघळाला ते 'फू' म्हणतात आणि सुखालाही 'फू'. ते लाल असेल तर आणखी चांगलं, कारण लाल आणि अफाट यांचाही उच्चार सारखाच आहे. नीलच्या जन्माच्या वेळी पोपोने मला एक बशी दिली होती. मधोमध दीर्घायुष्याचं अक्षर आणि त्याच्याभोवती पाच लाल वटवाघळं. म्हणजे पाच सुखं.

पोपोच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तेच चित्र सोलापुरात विणून घ्यावं, असं माझ्या मनात आलं. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते. पण तिथे काही विणकरांच्या घरी भिंतीवर लावायची चित्रंही हातमागावर विणतात. ताण्याखाली, म्हणजे मागावरच्या उभ्या सुतांखाली, कागदावरचं चित्र ठेवतात आणि रंगीत सूत बोटांनी भरत भरत वर जातात. माझी शाळेतली मैत्रीण अंबू हिचा नवरा नरसय्या हे काम करतो. अंबू आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मी इंग्रजी शाळेत गेले आणि ती आईबरोबर विड्या वळायला बसली. मैत्री मात्र टिकली.

काम सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर नरसय्याचा फोन आला. "सगळं बरोबर चाललंय, ताई. फक्त त्या वटवाघळाच्या लाल रंगाचं बघायचंय. फोटोत कळत न्हाई. बशी घेऊन तुम्हीच येता का?"

मी बशी दोन टॉवेलांत गुंडाळली आणि पुण्याहून निघाले.

टेंभुर्णी

गाडी दत्तोबा चालवत होते. ते मूळचे माढ्याकडचे, माझ्याच पिढीचे म्हणावे असे. उसाचा हंगाम होता. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांतून रस्त्यावर लोंबणारं पाचट, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. हे तुम्हांला ऐकायला मजेचं वाटेल, पण त्यांच्यामागे अडकलेल्या माणसाला तसं वाटत नाही.

टेंभुर्णीच्या चौकात आम्ही चहाला थांबलो. गरम कांदाभजी होती आणि तिच्याबरोबर तळलेल्या मिरच्या. मी बशी मांडीवरून खाली ठेवीना, म्हणून दत्तोबा म्हणाले, "बाई, एवढं काय जपायलाय? सोनं हाय व्हय?"

मी टॉवेल उलगडून दाखवला. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"ही तर वटवाघळं की! आमच्याकडं वटवाघूळ घरात शिरलं तर म्हातारी माणसं दिवा लावून बसत्यात. अन् तुमी ताटात घिऊन फिरताय."

मी त्यांना 'फू'ची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली.

"म्हंजी नावावर सगळं?"

"हो, नावावर."

"आमच्या शेजारणीचं नाव शांता हाय," दत्तोबा म्हणाले. "अख्खी वस्ती कानात बोटं घालून बसती."

मला इतकं हसू आलं की चहा टॉवेलावर सांडला. बशीला काही झालं नाही. पुढे मोहोळच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी झाल्याने बराच वेळ थांबावं लागलं. आजूबाजूचे लोक जमेल तेवढा ऊस उचलून सावलीत खात बसले होते. त्यातली दोन कांडकी दत्तोबांनी मलाही आणून दिली. माझे दात आता उसाचे राहिलेले नाहीत, पण ती मी पदराखाली झाकून सोलापूरपर्यंत नेली.

सोलापूर, पूर्व भाग

अंबूच्या गल्लीत शिरलं की आधी आवाज लागतो. शेजारीपाजारी यंत्रमाग आहेत आणि त्यांचा खडखडाट इतका सारखा चालू असतो की वीज गेली म्हणजे लोक दचकतात. उंबऱ्याउंबऱ्यावर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या आणि तेलुगूत गप्पा मारत होत्या. अंबू दारातच होती.

"आली गं बाई पुण्याची! ऊन लागलं की काय? ये की आत. आणि हा ऊस कशाला? माझ्या तोंडात काय नवे दात आलेत का?"

घरात बाहेरच्याच खोलीत हातमाग आहे. मी तिकडे वळणार, तेवढ्यात अंबूची सून पद्मा पाणी घेऊन आली. तिला सहावा महिना होता. तिचा नवरा गणवेशाच्या कारखान्यात शिवणकामाला जातो, तो संध्याकाळी येणार होता. पद्मा सडपातळ आणि शांत आहे. तिने मला वाकून नमस्कार केला, तेव्हा अंबूने तिला मध्येच दंडाला धरून उभं केलं.

मी बशी काढली. नरसय्या चष्मा सावरत वाकला. आणि अंबूने खाली पडलेला टॉवेल उचलून झटकन बशीवर टाकला.

"झाक आधी ते," ती म्हणाली. मग पद्माकडे न बघता, "तू आत जा गं. भात बघ."

तेव्हा मी मागाकडे नीट पाहिलं. निळ्या लाटांची खालची किनार विणून झाली होती. तिच्यावर हातभर पिवळी जमीन. त्याच्यावर नुसता ताणा होता. खालची दोन वटवाघळं जिथे सुरू व्हायची, बरोबर तिथे काम थांबलं होतं, आणि सुतावर बसलेल्या धुळीवरून ते थांबून बरेच दिवस झालेले दिसत होते.

नरसय्या चष्मा पुसू लागला. "रंगाचं म्हटलं मी फोनवर. दुसरं काय सांगायचं, ताई?"

"अंबू," मी म्हटलं, "अगं, त्यांच्याकडे हे शुभ असतं."

"त्यांच्याकडं असंल की."

मी तिला सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगायची तसं, आधी हे आणि मग ते. माशाचं, फुलदाणीचं, शेवटी वटवाघळाचं. ती मान हलवत ऐकत होती. तिला कळलं नाही असं अजिबात नाही.

"म्हणजे त्यांच्या भाषेत म्हटलं तर शुभ," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या सुनेच्या पोटातल्या पोराला चिनी येतं का गं?"

नरसय्याला हसू फुटलं आणि अर्ध्यातच थांबलं.

"इंग्रजी शिकलीस. पोराला शिकवून लांब धाडलंस. आता चिनी पण शिकून आलीस. आम्ही हितंच हाव, कुसुम. हितं जे म्हणतात तेच आम्हाला लागतं."

मग तिने आवाज खाली आणला. पद्माचं याआधी दोनदा गेलं होतं. एकदा अगदी सुरुवातीला आणि एकदा पाचव्यात, चांगलं हलायला लागल्यावर. डॉक्टर म्हणतात दोष काही नाही. "दोष न्हाई, तर मग काय हाय? ते कोण सांगणार?" कुणी सांगत नव्हतं, म्हणून अंबूला जे जे सुचलं ते ती करत होती. सुनेच्या दंडाला काळा दोरा होता. मागच्या चिंचेवर वटवाघळं लटकायची, ती हाकलायला मुलाने फटाके वाजवले होते. आणि ज्या घरात पोराने आईच्या सांगण्यावरून झाडावरची वटवाघळं उठवली, त्याच घरात मी त्याच्या बापाला पाच वटवाघळं विणायला सांगितली होती.

"पोपट चालतील का, ताई?" नरसय्याने हळूच विचारलं. "लाल चोचीचे? नाहीतर फुलपाखरं? लई सुंदर करून देतो."

मी नाही म्हटलं. पोपट विणला तर चित्र सुंदर होईल, पण पोपोला त्यात काही ऐकू येणार नाही. अंबूने जेवायला वाढलं. अंबाडीची आंबट भाजी, भात, आणि कांडलेली शेंगाचटणी. चटणीला तेल सुटलं होतं. तुम्हांला ती तिखट लागेल. मला त्या दिवशी कसलीच चव लागली नाही.

दुसरा दिवस

मी लॉजवर उतरले होते. सकाळी परत गेले ते सरळ सांगायला, की राहू दे, सूत सोडवून टाका. अंबू गिरणीत दळण आणायला गेली होती. पद्मा मागाच्या फळीवर बसून कांड्यांवर सूत भरत होती. टॉवेलाखाली बशी होती तशीच होती.

"मावशी," ती म्हणाली, "ती पाच सुखं कोणती?"

मी सांगितली. दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, चांगलं वागण्याची आवड, आणि शेवट शांतपणे येणं. ती एकेक बोट दुमडत गेली. मूठ मिटली. ती मुठीकडे बघत राहिली.

"यात बाळ कितवं?"

मी पुन्हा मनात मोजलं, कुठे चुकून सुटलं असेल म्हणून.

"यात नाही गं," मी म्हटलं.

"पाचात नाही?"

"नाही."

तिचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी घाईने म्हटलं, "मुलांसाठी त्यांचं वेगळं चित्र असतं. डाळिंब. फुटलेलं, आत दाणेच दाणे दिसणारं. दाणा आणि लेकरू, दोन्हींना त्यांच्याकडे एकच शब्द आहे."

हे मी का सांगितलं याचा मी नंतर खूप विचार केला. त्या क्षणी तिला काहीतरी द्यायचं होतं आणि माझ्याजवळ एवढंच होतं.

अंबू दारात दळणाचा डबा घेऊन उभी होती. तिने ऐकलं होतं. "डाळिंब? हे आधी सांगायचं की, बाई! डाळिंबाला कोण वाईट म्हणतंय?"

सोलापुरात डाळिंबाला तोटा नाही. नरसय्या कोपऱ्यावरच्या गाड्यावरून एक मोठं डाळिंब घेऊन आला. अंबूने ते हाताने फोडून परातीत ठेवलं. चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, लाटांच्या वर, तेवढी पिवळी जमीन उसवून ते विणायचं ठरलं, आणि पद्मा म्हणाली, "मी विणते, मामा." नरसय्याने तिला उठवलं नाही. तो बाजूला बसून रंग देत राहिला, गडद लाल, फिका लाल, सालीला पिवळसर.

ती दुपार त्या घरातली सगळ्यात आनंदाची होती. पद्माची बोटं भराभर चालत होती. अंबू विड्या वळता वळता सूचना देत होती.

"दाणे जास्त भर गं. कंजूसपणा करू नको."

"अत्तम्मा," पद्मा सासूला म्हणाली, "एवढे सगळे खरे झाले तर निजवायचे कुठं?"

"शेजारी देऊ. त्यांच्याकडं यंत्रमाग हाय, पाळणा आपोआप हलतोय."

नरसय्या इतका हसला की त्याच्या हातातली कांडी घरंगळत उंबऱ्याबाहेर गेली. परातीतलं डाळिंब आम्ही खाऊन संपवलं.

मग आम्ही ठरवलं. बाळंतपण होईपर्यंत माग असाच ठेवायचा. बाळ घरात आलं की नरसय्या वटवाघळं विणायला घेणार. अंबूने स्वतः कबूल केलं, "पोर दुपट्यात आलं की मग काय पायजे ते विण. वाघ विण." पोपोचा वाढदिवस त्यात निघून जाणार होता, पण ती अजून वर्षभर ऐंशीचीच राहणार आहे, असं मी स्वतःला समजावलं. निघताना अंबूने बशी टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"ही घरात नको, कुसुम. रंग कळलाय त्याला."

परतताना मोहोळपर्यंत मी पाळण्याला काय शिवून द्यावं याचा विचार करत होते. दत्तोबांनी विचारलं, "झालं का वटवाघळाचं?" मी म्हटलं, "बाळ झालं की होईल." ते म्हणाले, "हे बरं केलंत." मलाही तसंच वाटत होतं.

पुणे

मध्ये काही आठवडे गेले. एका दुपारी मी शिवणाची मशीन काढून बसले होते. दुपट्याच्या कडेला टीप घालत होते. अंबूचा फोन आला.

"कुसुम, तुझी वटवाघळं विणायला घेतलीत."

मला एवढंच ऐकू आलं. दिवस पुरे झाले नव्हते हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

"अगं, मग आधी सांग ना! मुलगा की मुलगी?"

मागे यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येत होता.

"मुलगी होती," ती म्हणाली.

पुन्हा सोलापूर

चित्र घेऊन जायला या, असा निरोप नरसय्याने पाठवला. या वेळी माझ्या मांडीवर काही नव्हतं. दत्तोबांना मी सांगितलं होतं, त्यामुळे टेंभुर्णीला त्यांनी चहा गाडीतच आणून दिला. ऊस संपला होता. रस्ता मोकळा होता, आणि सोलापूर लवकर आलं. ते लवकर यावं असं मला वाटत नव्हतं.

गल्लीत सगळं तसंच होतं. बायका तशाच विड्या वळत होत्या, पण मला बघून त्यांनी गप्पा थांबवल्या. चित्र मागावरून उतरवून सतरंजीवर पसरलं होतं. दीर्घायुष्याचं अक्षर रेघ न् रेघ बरोबर आलं होतं. भोवती पाच लाल वटवाघळं होती, आणि ती खाली डोकं, वर पाय अशी लटकलेली होती.

"मी चिंचेवर बघितलीत तशी केली," नरसय्या म्हणाला. "बशीत उडती हाईत. बशी जवळ नव्हती, ताई. चुकलं का?"

चुकलं नव्हतं. उलटं वटवाघूळ चिनी लोकांना जास्तच आवडतं. 'उलटं' आणि 'पोहोचलं' यांचाही उच्चार त्यांच्याकडे सारखाच, म्हणून त्याचा अर्थ सुख घरात येऊन पोहोचलं, असा घेतात. तुमच्या आईने मला तेही सांगितलं होतं. मी नरसय्याला फक्त म्हटलं, "चुकलं नाही," आणि अर्थ माझ्याजवळच ठेवला. पहिल्या दिवशी मी त्या खोलीत किती बोलले होते, ते मला आठवत होतं.

अंबू भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर सूप नव्हतं, हात नुसते पडले होते. "बघ, नीट आलीत का," ती म्हणाली. "आता भ्यायला घरात काय राहिलंय? विण म्हटलं ह्यांना. बसून तरी काय करणार?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "वटवाघूळ नव्हतं गं, कुसुम. एकही नव्हतं. झाडावर नव्हतं, मागावर नव्हतं. मी सगळं पाळलं."

मला तिला सांगता आलं असतं की याचा त्याच्याशी संबंध नसतो. मी आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं. पण ते तिला माझ्याआधीच कळलं होतं, आणि ते कळल्याने तिचं काहीच हलकं झालेलं नव्हतं. पूर्वी तिला घाबरायला काहीतरी होतं. घाबरता येत होतं, म्हणून काही करताही येत होतं. आता तेही नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले. आम्ही एका बाकावर बसायचो तशा, खांद्याला खांदा लावून.

डाव्या कोपऱ्यात डाळिंब होतं. पद्माने विणलेलं, दाणे दाटीवाटीने भरलेले.

"ते उसवून जमीन सपाट करतो म्हटलं होतं मी," नरसय्या म्हणाला. "तिनं हात लावू दिला न्हाई."

पद्मा आतून आली. तिच्या दंडाला आता दोरा नव्हता. ती सतरंजीजवळ बसली आणि चित्र घडी करू लागली, दीर्घायुष्याचं अक्षर चुरगळू नये म्हणून मध्ये जुनं धोतर घालून. कोपऱ्यापाशी येऊन ती थांबली.

"मावशी, ज्यांच्या घरी हे जाणार, तिथं पोरं हाईत ना?"

"आहेत," मी म्हटलं. "दोन आहेत."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि डाळिंबावर घडी घातली.

मी शिवलेलं दुपटं माझ्या पिशवीत तळाशी होतं. ते मी का बरोबर नेलं होतं, मला माहीत नाही. ते न काढताच मी परत आले. ते माझ्या कपाटात आहे, बशीच्या शेजारी.

पोपो ते चित्र बघून म्हणेल की सोलापूरच्या माणसांना सगळं बरोबर कळलं. पाच सुखं, लाल, घरात येऊन पोहोचलेली, आणि वर लेकरांसाठी डाळिंबसुद्धा. तिला तसंच वाटू दे. तुम्ही तिच्या घरी जाल तेव्हा सोफ्यावर चढून डाव्या खालच्या कोपऱ्यात बघा. ते डाळिंब तिचं नाही, ते तुमचं आहे. जिने ते विणलं, तिने ते स्वतःसाठी विणलं होतं.

तुमची आजी